जेनाऊचा वाव

३ ऑक्टोबर २०११, सोमवार. पहाटे दाट धुकं. आठच्या सुमारास धुकं वर सरलं, मग ऊन. वारा हलका, आग्नेयेकडून. पाऊस नाही.

आज गोलो नारा गावात शेत नव्यानं वाटलं. ते कसं वाटलं हे सांगायचं, तर आधी जेनाऊची गोष्ट सांगावी लागते. गावातली माणसंही तसंच करतात. शेताचं विचारलं, की आधी जेनाऊचं सांगतात.

जावाच्या पूर्वेला बेटांची लांब रांग आहे. त्यातल्या फ्लोरेस बेटावर, पश्चिमेकडच्या डोंगरात हे गाव आहे. पक्का रस्ता खालीच संपतो. तिथून फळ्यांची बाकं ठोकलेला ट्रक ओढ्यापर्यंत येतो आणि पुढे पायवाट. पाणी वरच्या झऱ्यावरून बांबूच्या नळांतून येतं. पावसाळ्यात नळ वाहून गेले, की बायका पुन्हा ओढ्यावर उतरतात. आजारी माणसाला झोळीत घालून खाली न्यावं लागतं. घरात मका आणि कंद रोजचे, भात जपून. कॉफी विकून मीठ, तेल आणि शाळेच्या वह्या येतात.

आणि इथलं शेत गोल असतं. डोंगरावरून पाहिलं तर खाली कुणीतरी कोळी किड्याचं मोठं जाळं अंथरल्यासारखं दिसतं. मधोमध एक खांब रोवतात. शेत वाटणारा म्हातारा खांबाच्या माथ्यावर दर घराचं एक बोट टेकवतो, एकाला लागून दुसरं. बोटाच्या दोन्ही बाजूंच्या रेषा दोर धरून थेट शेताच्या कडेपर्यंत नेतात. खांबाशी वाटा बोटाएवढा असतो, आणि कडेला पोचेपर्यंत त्याचं शेत होतं. कड कुठे, तर दोर संपेल तिथे. दोराच्या पलीकडचं रान माणसांचं नाही. ते पल्याडच्यांचं. पल्याडचे दिसत नाहीत, पण असतात, असं म्हणतात.

कॉफीचं रोप अजून या बेटावर आलं नव्हतं आणि एक कोयती सगळी आळी मिळून वापरायची, त्या काळात गोलो नारात जेनाऊ नावाची बाई राहत होती. ती इथली नव्हती. दोन डोंगर ओलांडून, वाए तुआ गावाहून ती लग्न होऊन आली होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ झालं नाही. दोर वळण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. रानात ताडासारखं एक झाड असतं, त्याच्या खोडाला काळे, केसाळ तंतू येतात. त्या तंतूंना ती असा पीळ द्यायची की त्या दोराला बांधलेला रेडा थकायचा, दोर थकायचा नाही. म्हणून गावानं शेताचा दोर तिच्याकडे सोपवला होता.

हा दोर ढोलघरात टांगलेला असे. ढोलघर म्हणजे गावाचं मोठं घर. तिथे ढोल असतात, तिथेच पंचायत भरते. दोर फार जुना होता. गाव वसवणाऱ्यांनी तो वळला होता. दरवर्षी जेनाऊ त्याला धूर द्यायची, विरलेला पेड काढून नवा घालायची. पण लांबी तीच ठेवायची. दोर कमी करायचा नाही आणि वाढवायचाही नाही, असं सगळे मानत होते. कुणी सांगितलं होतं, ते कुणालाच आठवत नव्हतं.

गावात घरं मात्र वाढत गेली. मुलांनी वेगळी घरं बांधली, मग त्यांच्या मुलांनी. खांबावर बोटं दाटीवाटीनं बसू लागली. करंगळी टेकवा म्हणून म्हातारा सांगू लागला. कडेचा वाटाही निमुळता होत गेला. पेरणीआधी भांडणं, कापणीनंतर उपास, असं चालू झालं. "पल्याडचे रागावलेत," असं लोक म्हणत आणि आणखी एक कोंबडी कापत.

त्या वर्षी वाए तुआवर डोंगर कोसळला. भर दुपारी माणसं शेतात होती, म्हणून वाचली. घरं, डुकरं, धान्याच्या कणग्या, सगळं मातीखाली गेलं. उरलेली माणसं पोरांना पाठुंगळी घेऊन गोलो नाराच्या कुंपणाशी आली आणि आत न येता उभी राहिली. सगळ्यांच्या पुढे केदू होता, जेनाऊचा थोरला भाऊ.

जेनाऊ धावत कुंपणाशी गेली. लग्नानंतर तिनं भावाला पाहिलं नव्हतं. तो पांढरा झाला होता.

"एनू," तो म्हणाला. तिकडे घरातल्या मुलीला लाडानं एनू म्हणतात. जेनाऊला त्या नावानं कुणी हाक मारून जन्म लोटला होता. "एनू, तुझ्या दारी रिकाम्या हातानं आलो. तुझ्या लग्नात मी केवढा ऐटीत आलो होतो, आठवतं का?"

"रेड्यावर बसून आला होतास आणि पडला होतास," जेनाऊ म्हणाली. मग दोघं रडली.

गावानं त्यांना मका उकडून दिला, अंगणात निजायला दिलं. पण अंगणात किती दिवस निजणार? पेरणी तोंडावर आली होती. शेतात वाटा मिळाला नाही, तर त्यांना खाली समुद्राकडे जावं लागणार होतं, आणि त्या काळी किनाऱ्यावर माणसं पकडून नेणाऱ्यांच्या होड्या लागत. खाली गेलेलं माणूस परत येत नसे. हे कुंपणाच्या दोन्ही बाजूंच्या सगळ्यांना माहीत होतं.

ढोलघरात गाव जमलं. शेत वाटायचं काम तेव्हा पांतुरकडे होतं. तो जेनाऊचा धाकटा दीर. सरळ माणूस, पण भित्रा. पहिला बोलला तो बांकुर. बांकुरचं घर मोठं, आवाज त्याहून मोठा.

"खांबावर मुंगी बसायला जागा नाही, आणि इथे पाहुण्यांची बोटं टेकवायची म्हणता!" बांकुर म्हणाला. "जेनाऊचं माहेर आहे, तिला पान्हा फुटणारच. आमच्या पोरांनी काय त्यांची बोटं चोखायची?"

बरेच जण हसले. पांतुर खाली बघत राहिला.

जेनाऊ कोपऱ्यात परडी विणत बसली होती. तिचे हात कधी रिकामे नसत. ती म्हणाली, "भावजी, ढोल वाजवताना आपण म्हणतो ते एकदा म्हणा बरं."

"आत्ता? आत्ता गाणं कसलं, वहिनी?"

"म्हणा तर."

पांतुरनं अडखळत म्हटलं. दरवर्षी शेत वाटताना सगळं गाव ते म्हणायचं.

*ज्याचं घर त्याचा वाव,*
*ज्याचा वाव त्याचं बोट.*

दोन्ही हात पसरले, की या हाताच्या बोटापासून त्या हाताच्या बोटापर्यंतचं अंतर म्हणजे एक वाव. हे सगळ्यांना ठाऊक होतं. होडीवाले पाण्याची खोली वावानं मोजतात, बायका लुगड्याचं सूत वावानं मोजतात.

"बांकुर," जेनाऊनं विचारलं, "तुझ्या आजोबांनी इथे घर बांधलं, तेव्हा दोराला वाव दिला होता का?"

"दोराला कसला वाव? दोर तर होताच."

"कुणाचा होता? पहिल्या घरांचा. त्यांनी आपापला वाव वळून जोडला आणि म्हटलं, ज्याचं घर त्याचा वाव. त्यांच्यानंतर आपण नुसतं म्हणत राहिलो. बोटं टेकवत गेलो, वाव दिलाच नाही. मीच दरवर्षी पेड बदलते, मलाही सुचलं नाही. आपण जुन्या माणसांच्या दोरावर नव्या घरांची बोटं कोंबतोय, आणि म्हणतोय पल्याडचे रागावले."

ढोलघरात कुजबुज सुरू झाली.

"वावभर दोरानं काय होतंय?" बांकुर म्हणाला. "दोर लांबला तरी वाटेकरी वाढलेच की."

जेनाऊनं मांडीवरची परडी उचलून सगळ्यांना दाखवली. "हे बघा. मधल्या फेरीला बोटभर पट्टी पुरली. कडेच्या फेरीला ही एवढी लागली, आणि अजून एक फेरी घातली तर याहून जास्त लागेल. परडीच्या पोटात जे मावतं ते कडेच्या फेऱ्यांमुळे मावतं. कुठल्याही बाईला विचारा."

बायकांच्या बाजूनं "खरंय, खरंय," असा गलका झाला. पुरुष परडीकडे बघत राहिले.

"आणि ते रान?" कुणीतरी मागून म्हणालं. "दोराच्या बाहेरचं रान काटेरी आहे, दगडांचं आहे. आणि ते पल्याडच्यांचं आहे."

"काटे तोडायला माझ्या भावाची माणसं आहेत. पल्याडच्यांना मी विचारते," जेनाऊ म्हणाली.

बांकुर उठून उभा राहिला. "ठीक आहे. जोडा दोर. पण जुन्या दोराला हात लावून तो तुटला, तर गावाचं नशीब तुटलं. ताणताना दोर तुटला, तर पाहुणे त्याच दिवशी डोंगर उतरतील, आणि जेनाऊही त्यांच्याबरोबर जाईल. आहे कबूल?"

पांतुरनं जेनाऊकडे बघितलं. बोलली जेनाऊच. "कबूल."

केदू बाहेर अंगणात होता, पण भिंती बांबूच्या होत्या. त्यानं बाहेरूनच हाक मारली, "एनू, नको."

"दादा, तू गप्प बस. तू रेड्यावरून पडणारा माणूस," जेनाऊ आतून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेनाऊनं दोर अंगणात उतरवला. ज्या ज्या घरानं कधी वाव दिला नव्हता, त्या घराचं एक एक माणूस तिच्यासमोर येऊन हात पसरून उभं राहिलं. गावातली नवी घरं आली, मग वाए तुआची माणसं आली. ज्यांच्यावर छप्पर नव्हतं, त्यांचंही घर धरलं. एका बाईच्या दोन्ही हातांत जुळी पोरं होती, तिनं पोरांसकट हात पसरले. बांकुरही आला. त्यानं छाती इतकी फुगवली की पाठीचं हाड वाजलं. "पुरे, तुझा आजोबा एवढा रुंद नव्हता," जेनाऊ म्हणाली, आणि त्या दिवशी बांकुरच्या बायकोलाही हसू आवरलं नाही.

ज्याचा वाव, त्यानंच तंतू आणायचे, धुवायचे, विंचरायचे, असं जेनाऊनं सांगितलं. पीळ तिनं दिला. जुन्या दोराचं टोक उलगडून तिनं जुने पेड आणि नवे पेड एकमेकांत असे गुंफले की सांधा कुठे आहे ते डोळ्यांना कळेना. बोटांना तेवढं कळायचं. त्या दिवसांत तिची बोटं सोलवटून गेली होती, आणि दोर जिथे तिच्या रक्तानं भिजला तिथे तो सगळ्यांत घट्ट झाला, असं म्हणतात.

मग दोर ताणायचा दिवस आला. पहाटेपासून धुकं इतकं होतं की खांबाशी उभ्या माणसाला चार पावलांपुढचं दिसत नव्हतं. पांतुरनं दोराचं एक टोक खांबाला बांधलं, अंडं फोडलं, कोंबडी कापली. ढोल सुरू झाले. दुसरं टोक नेण्याचा मान दोर राखणाऱ्याचा. जेनाऊनं ते खांद्यावर टाकलं आणि उतारावरून चालू लागली.

"कुणीतरी बरोबर जा रे," पांतुर म्हणाला. केदू पुढे झाला.

"जुन्या कडेच्या पुढे फक्त मी," जेनाऊ म्हणाली. "विचारायचं मी कबूल केलंय."

दोर तिच्यामागे सरसरत गेला. जुन्या शेताची कड आली, तिथे ती क्षणभर थांबल्याचं दोरावरून कळलं. मग दोर पुन्हा सरकू लागला, काट्यांत, धुक्यात. धुक्यातून तिचा आवाज आला. ती कुणाशी तरी बोलत होती, मोठ्यानं नाही, शेजारणीशी बोलावं तसं.

"आमची माणसं वाढलीत," ती म्हणत होती. "तुमचं सगळं मागत नाही. वावापुरतं सरका. दरवर्षी पहिली ओंबी तुमची."

मग आवाज थांबला आणि दोरही थांबला.

एवढा लांब, एवढा जड दोर. तो जमिनीवर लोळत पडला होता. म्हातारी बाई तो ताणणार कशी, असं प्रत्येकाच्या मनात आलं. बांकुर सांध्यापाशी जाऊन उकिडवा बसला होता. त्याचे डोळे दोरावरून हलत नव्हते.

आणि दोर उचलला गेला. आधी खांबाजवळ वीतभर, मग गुडघ्याएवढा, मग उतारावर डोक्याच्या वर, खांबापासून धुक्यापर्यंत सरळ रेषेत. रेडे जुंपले तरी ताणणार नाही असा तो ताणला गेला. खांब करकरला. दोरातून ढोलासारखा घुमणारा आवाज येऊ लागला. तो ऐकून ढोल वाजवणाऱ्यांचे हात थांबले. सांध्यापाशी एक पेड ताणत ताणत गेला आणि टणकन तुटला.

"तुटला!" बांकुर ओरडला. "दोर तुटला!"

केदूनं डोळे मिटून घेतले. वाए तुआच्या बायकांनी पोरांना उचललं.

पांतुर चालत सांध्यापाशी आला. जन्मभर भित्रा असलेला पांतुर, त्यानं दोन्ही हातांनी दोर धरला आणि त्याला लोंबकळला. दोर हलला नाही.

"पेड तुटला," पांतुर म्हणाला, "दोर नाही. बांकुर, तूही लोंबकळून बघ."

बांकुर लोंबकळला. दोर तसाच घुमत राहिला.

तेवढ्यात धुकं हललं. ते वर गेलं नाही, मागे सरलं. खांबापासून जुन्या कडेपर्यंत, कडेपासून काट्यांतून, दोर जसा जात होता तसं ते मागे मागे गेलं आणि दोराच्या टोकाशी येऊन भिंतीसारखं उभं राहिलं. तिथे जेनाऊ उभी होती, एकटी. दोर तिच्या तळहातावर नुसता टेकलेला होता. ती ओढत नव्हती. तिच्या मागे, धुक्याच्या पायाशी, उंच गवत रुंद पट्ट्यात आडवं झालं होतं. पुष्कळ माणसं पाय रोवून उभी राहिली की गवत होतं तसं. असं म्हणतात.

त्याच दिवशी पांतुरनं बोटं टेकवली. खांब तोच होता, म्हणून सगळ्यांनी बोटं जरा जरा आवळली. शेवटचं बोट केदूचं होतं, जाड आणि वाकडं. ते बसेना. बांकुरनं आपलं बोट केसभर बाजूला घेतलं, आणि कुणी बघितलं का ते बघितलं. सगळ्यांनी बघितलं होतं.

मग सगळ्यांनी मिळून काटे तोडले, दगड उचलून बांध घातले. वाटेकरी वाढले, वाटा कमी होणार, असं मनाशी धरूनच गावातली माणसं आपापल्या तुकड्यात उतरली होती. बांकुरनं आपला वाटा कडेनं चालून बघितला. मग परत उलटा चालून बघितला. मग तो खाली बसला. वाटा मोठा झाला होता. गेल्या वर्षी बांधावर उभं राहून तो शेजाऱ्याला चिलीम देत असे, आता शेजाऱ्याला हाक मारावी लागत होती.

बांकुरला वाटलं, पांतुर चुकला. कुणाचा तरी तुकडा माझ्यात आला. तो गप्प बसला आणि घाईघाईनं पेरायला लागला. घरी बायकोला म्हणाला, "कुणाला बोलू नकोस." बायको म्हणाली, "माझ्या भावाच्या घरीसुद्धा आज सगळे कुजबुजतायत, कुणाला बोलू नका म्हणून."

त्या पेरणीत सगळं गाव मान खाली घालून, एकमेकांची नजर चुकवत पेरत होतं. प्रत्येकाला वाटत होतं की चूक आपल्या फायद्याची झाली आहे. शेवटी पांतुरच्या म्हाताऱ्या मनाला राहवेना. तो जेनाऊकडे गेला. "वहिनी, माझ्या हातून काहीतरी चुकलंय. माझाच वाटा केवढा झालाय बघा."

जेनाऊ इतकी हसली की तिला ठसका लागला. ती ढोलघराच्या पायरीवर उभी राहिली आणि तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "ज्याचा वाटा मोठा झालाय त्यानं हात वर करा!"

आधी कुणीच केला नाही. मग पोरांनी केले. मग बायकांनी. सर्वांत शेवटी, कानापर्यंत लाल झालेल्या बांकुरनं.

त्या वर्षी भात असा आला की कणग्यांना जागा पुरेना, ढोलघराच्या माळ्यावर धान्य ठेवलं. डुकरांनीही भात खाल्ला, असं म्हणतात. पहिली ओंबी पल्याडच्यांना दिली. वाए तुआच्या माणसांनी गावाच्या वरच्या अंगाला घरं बांधली. ती आळी अजून आहे.

जेनाऊ त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. दरवर्षी दोराचं टोक तिनंच नेलं, आणि दरवर्षी धुकं टोकापर्यंत मागे सरलं. एका वर्षी धुकं सरलं तेव्हा ती तिथे नव्हती. दोर ताणलेला होता, आणि त्याचं टोक एका कोवळ्या झाडाला गुंडाळलेलं होतं. आदल्या दिवशी तिथे ते झाड नव्हतं. बायकांनी हाका मारल्या. पलीकडून कुणी ओ दिली नाही, पण दोर एकदा हलकेच ओढला गेला, असं म्हणतात. म्हणून जेनाऊला पुरलेलं नाही. गोलो नारात तिची समाधी नाही.

तेव्हापासून या गावात दोराचं टोक पुरुष नेत नाही. दुसऱ्या गावाहून लग्न होऊन आलेल्या बायकांत जी सर्वांत म्हातारी, ती नेते. नवं घर बांधलं, की छप्पर घालण्याआधी दोराला वाव द्यायचा. आणि दोराच्या टोकाला एक वाव कुणाच्याच नावाचा नसतो. त्याला जेनाऊचा वाव म्हणतात. त्याचंही एक बोट टेकवतात, ते पाहुण्याचं. त्या वाट्याचा भात विकत नाहीत. वाटेनं येणाऱ्याला त्यातलं वाढतात.

आज दोराचं टोक नव्वदीच्या पुढच्या एका आजींनी नेलं. त्यांना चालवत नव्हतं, म्हणून नातसुनेनं त्यांना पाठीवर घेतलं. दोर त्यांच्या हातात होता. गेल्या वाटणीनंतर गावात दोन घरं वाढली. एक शाळेच्या मास्तरांचं, ते दुसऱ्या बेटावरचे आहेत. दुसरं ट्रकच्या ड्रायव्हरचं, त्याची बायको इथली. दोघांनीही आपापले तंतू धुऊन, विंचरून आणले होते. मास्तरांचा पीळ उलटा बसला, तो उलगडून पुन्हा घातला.

दोर तुटला नाही. दोन वाव वाढले. शेताची कड ओढ्याच्या पलीकडच्या मोठ्या खडकापर्यंत गेली. शेवटचं बोट पाहुण्याचं टेकवलं.